क्वेरीचे नियोजन आणि कॅशची दखल

जुन्या दप्तरांत काम करणारा अभ्यासक, मग तो धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात बसलेला असो की पुण्यात, एक गोष्ट मनोमन जाणतो. टेबलावर सोडून ठेवलेल्या रुमालातून कागद काढणे आणि कपाटातला रुमाल उतरवून, गाठ सोडून तोच कागद काढणे, यांचे श्रम सारखे नसतात. डेटाबेसचा ऑप्टिमायझर मात्र योजना ठरविताना कोणता रुमाल उघडा आहे हे विचारीतच नाही. या उणिवेचा विचार येथे पोस्टग्रेस या प्रणालीच्या आधारे करावयाचा आहे.

खर्च मोजून योजना निवडण्याची रूढ पद्धत सेलिंजर प्रभृतींच्या १९७९ च्या निबंधाने घालून दिली. किती पाने आणावी लागतील आणि प्रोसेसरला किती काम पडेल, यांची भारित बेरीज म्हणजे खर्च. पोस्टग्रेस त्याच घराण्यातील. त्यात ओळीने वाचलेल्या पानाची किंमत १ व विखुरलेल्या पानाची ४ धरलेली आहे. हा ४ कोठून आला? विखुरलेले वाचन चाळीसपट महाग, परंतु त्यातील ९० टक्के कॅशमधूनच भागेल, असा त्याचा अर्थ प्रणालीच्या अधिकृत दस्तऐवजांनीच लावला होता. माझा मुख्य आक्षेप येथे आहे. डिस्कचा वेग हा यंत्राचा गुण. कॅशमध्ये काय आहे ही त्या घटकेची स्थिती. या दोहोंचा गुणाकार करून एकच आकडा सर्व कोष्टकांच्या माथी मारणे शास्त्रीय नव्हे.

समजा, जळगावच्या एखाद्या महाविद्यालयाच्या गुणांचे कोष्टक १०,००० पानांचे आहे, आणि इंडेक्सने गेल्यास २,००० विखुरलेली पाने लागतात. प्रोसेसरचा खर्च बाजूस ठेवला तर इंडेक्सचा खर्च ८,०००, सरसकट वाचनाचा १०,०००, निवड इंडेक्सची. पण कॅश रिकामी असेल, तर त्याच चाळीसपटीच्या हिशेबाने खरा खर्च ८०,००० होतो. उलट ४,००० पाने लागत असतील तर कागदावर इंडेक्स १६,००० म्हणून नाकारला जाईल. वस्तुतः निकालाच्या दिवशी ती सारी पाने स्मृतीत असली तर तोच स्वस्त पडावा. सॉलिड स्टेट डिस्कवर ही तफावत बरीच कमी होते, नाहीशी होत नाही.

‘इफेक्टिव्ह कॅश साइझ’ हे मूल्य ही उणीव भरून काढते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. मॅकर्ट आणि लोहमन यांच्या १९८९ च्या सूत्रानुसार एकाच क्वेरीत तेच पान पुन्हा लागले तर काय, एवढेच त्यातून कळते. मागील क्वेरीने काय मागे ठेवले याची दखल घेतली जात नाही, हे दस्तऐवजांतही नमूद आहे.

मग ऑप्टिमायझरला प्रत्यक्ष कॅश दाखवावी काय? येथे उत्साहाला आवर घातला पाहिजे. योजना ठरल्यापासून ती चालेपर्यंत कॅश बदलते. तीच क्वेरी सकाळी एका मार्गाने व दुपारी दुसऱ्या मार्गाने जाऊ लागली तर प्रशासकाची झोप उडेल. याहून सूक्ष्म दोष असा की, शेअर्ड बफर्सच्या चतुर्थांशाहून मोठे कोष्टक सरसकट वाचताना पोस्टग्रेस त्याला केवळ एक लहानसे कडे वापरावयास देते. यास्तव ते कोष्टक त्या बफर्समध्ये कधी स्थिरावतच नाही. कॅश पाहून निर्णय घेणारा ऑप्टिमायझर त्यास रिकामे पाहील, पुन्हा सरसकट वाचनच निवडील, आणि कोष्टक पुन्हा रिकामेच राहील.

मला ग्राह्य वाटतो तो मधला मार्ग. प्रत्येक कोष्टकाची किती पाने बफरमध्ये सापडली व किती बाहेरून आणावी लागली, याचे आकडे पोस्टग्रेस आजही साठविते. ऑप्टिमायझर ते वाचीत नाही, इतकेच. त्यांची दीर्घ मुदतीची सरासरी घेऊन विखुरलेल्या पानाची किंमत कोष्टकागणिक ठरविता येईल. सध्या ती फार तर टेबलस्पेसागणिक बदलता येते. सरासरी सावकाश हलते, म्हणून योजनाही सहसा डळमळणार नाहीत. अडचण एकच, पण मोठी : बाहेरून आणलेले म्हणून मोजलेले पान खरोखर डिस्कवरून आले, की ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून, हे त्या आकड्यांवरून समजत नाही. ज्या विद्यार्थ्याला या विषयात प्रबंध लिहावयाचा आहे, त्याने सूत्रांच्या आधी हे मोजमाप हाती घ्यावे.