एडगर केसी : बखर आणि दप्तर

केंटकी संस्थानांत १८७७ सालीं जन्मलेला हा अमेरिकन निद्रावस्थेंत रोगनिदान सांगे; जागृतींत त्यास त्यांतील कांहींहि आठवत नसे. टॉमस सुग्रू यानें केसीच्या हयातींतच लिहिलेलें त्याचें चरित्र प्रसिद्ध आहे. परंतु सुग्रू हा केसीच्या मुलाचा स्नेही. तेव्हां ही घरच्या माणसानें लिहिलेली बखरच. रसाळ खरी, प्रमाण नव्हे.

अस्सल साधन निराळें आहे. १९२३ पासून ग्लॅडिस डेव्हिस ही लघुलेखिका केसीचें तें बोलणें उतरून घेई. १९३१ सालीं व्हर्जिनिया बीच येथें स्थापिलेल्या संस्थेनें अशीं १४,००० वर टिपणें जपलीं आहेत. रोग्यांच्या नांवांऐवजीं आंकडे घातले आहेत; त्याबद्दल तक्रार नाहीं. मात्र १९२३ पूर्वींचे कागद अल्पच उरले, आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत केसी गाजला तो १९१० सालीं!

शिवाय या टिपणांवरून केसी काय बोलला एवढेंच सिद्ध होतें. रोगी बरा झाला काय, हें मागाहून आलेल्या पत्रांवरून ठरवावें, तर गुण न आलेला मनुष्य बहुधा पत्र लिहीत नाहीं, आणि मेलेला तर नाहींच. १९४५ सालीं केसी वारल्यावरहि डेव्हिसबाई अनेक वर्षें या दप्तराची सूची करीत राहिल्या. चरित्रकाराहून आम्हांस त्यांचेंच ऋण अधिक वाटतें.