पेशी जगल्या, म्हणून अर्क निर्धोक?

औषधी वनस्पतींवरील लेखांत आणि जाहिरातींत एक वाक्य वारंवार भेटते: 'मानवी पेशींवर तपासलेले, सुरक्षित.' विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवरही ते उतरते, म्हणून त्यात काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, हे आम्हाला पाहावेसे वाटते.

यामागे बहुधा 'एमटीटी' ही चाचणी असते. मोसमान यांनी ती १९८३ मध्ये मांडली. प्लास्टिकच्या तबकडीतील बारीक खळग्यांत पेशी वाढवायच्या, त्यांत अर्क घालायचा आणि एक-दोन दिवसांनी एक पिवळे रंजकद्रव्य मिसळायचे. जिवंत पेशींतील विकरे त्याचे क्षपण करून जांभळे फॉर्मझान बनवतात. रंग जितका गडद, तितक्या अधिक पेशी जिवंत, असा हिशेब. चाचणी स्वस्त आणि झटपट आहे. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या तोंडून वदवून घेतलेल्या उत्तराबद्दल.

कित्येक अर्कांतील पॉलिफेनॉल स्वतःच क्षपणक असतात. पेशी नसलेल्या खळग्यातही ती पिवळ्याचे जांभळे करतात. म्हणजे पेशी मेल्या तरी रंग चढू शकतो! नुसता अर्क आणि रंजक घातलेला खळगा शेजारी ठेवला नसेल, तर आम्ही तो निष्कर्ष गंभीरपणे घेणार नाही. तुलनेसाठी वेगळी परीक्षानळी ठेवायची, हे आपण शाळेतच शिकवतो.

पेशी कोणत्या, हा प्रश्न याहून अवघड. यकृतासाठी 'हेप-जी-टू' ही, मुळात यकृताच्या गाठीतून मिळवलेली पेशीमालिका सर्रास वापरतात. आता कॉम्फ्री ही युरोपातील औषधी वनस्पती घ्या. तिच्यातील पायरोलिझिडीन अल्कलॉइडांचे घातक रूप यकृतातील सायटोक्रोम पी-४५० विकरे घडवतात. हेप-जी-टूमध्ये नेमकी हीच विकरे तोकडी असतात. तेव्हा तबकडीत पेशी खुशाल दिसू शकतात, आणि माणसाच्या यकृतातील सूक्ष्म शिरा मात्र बंद पडतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये पूरक आहारातून कॉम्फ्री काढून टाकण्यास उत्पादकांना सांगितले.

गुळवेलीचे प्रकरण आपल्या जवळचे. कोविडच्या साथीत, २०२० च्या अखेरच्या महिन्यांत, मुंबईतील डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. त्यांचा अहवाल २०२१ मध्ये आला, तेव्हा रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचे घटक तपासलेच नाहीत, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप वजनदार आहे, आणि सहा ही संख्याही लहानच. पण डॉक्टरांना इजेचे स्वरूप शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्यासारखे दिसले होते. नुसत्या यकृतपेशींच्या तबकडीत प्रतिकारयंत्रणा नसतेच. तिथे असे काही दिसणार कसे?

उलट बाजूही अशीच. 'अमुक अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या' हा मथळा त्याच तबकडीतून येतो. पुरेसे मीठ घातले तरी त्या पेशी मरतील. म्हणून मथळ्याखाली अर्काची तीव्रता किती, आणि पोटातून गेल्यावर रक्तात तेवढी पोहोचते का, हे आधी शोधावे. बहुतेक वेळा दुसरा आकडा दिलेलाच नसतो.