'बौद्ध राष्ट्र' जपान आणि चांडाळ शब्दाचा प्रवास

आपल्या विहारांतील व्याख्यानांत, वर्धापनदिनाच्या स्मरणिकांत आणि धम्मविषयक लेखांत जपानचे एक ठरावीक चित्र वर्षानुवर्षे रेखाटले जाते. जपान हे बौद्ध राष्ट्र आहे. म्हणून तेथे शिस्त आहे, श्रमाला प्रतिष्ठा आहे, जातिभेद नाही. आणि म्हणूनच ते महायुद्धाच्या राखेतून उभे राहिले, असा हा युक्तिवाद होय. पुणे-नाशिक महामार्गावरील कुरुळीसारख्या चाकण पट्ट्यातील गावांत तर या चित्राला नित्याच्या अनुभवाचा आधार लाभतो. या परिसरातील जपानी मालकीच्या किंवा जपानी पद्धतीने चालणाऱ्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या तरुणाला 'कैझेन' हा शब्द तोंडपाठ असतो. साहेब आणि कामगार एकाच गणवेशात, एकाच कँटीनमध्ये जेवतात, हे तो डोळ्यांनी पाहतो. रविवारी विहारात हे सारे तथागतांच्या शिकवणीचे फळ असल्याचे त्यास सांगितले जाते. प्रस्तुत लेखात आम्हास या चित्राची चिकित्सा करावयाची आहे.

इतिहासाच्या कसोटीवर हा युक्तिवाद फार काळ टिकत नाही. १८६८च्या मेइजी सत्तांतराबरोबर जपानच्या आधुनिकीकरणास आरंभ झाला, आणि त्याच वर्षी शासनाने शिंतो व बौद्ध उपासना परस्परांपासून विलग करण्याचे आदेश काढले. त्यापाठोपाठ अनेक ठिकाणी बुद्धमूर्ती फोडल्या गेल्या, विहार बंद पडले. कैझेनविषयी म्हणावयाचे तर महायुद्धोत्तर काळात अमेरिकन प्रशिक्षकांनी आणि १९५० साली जपानमध्ये व्याख्याने देणाऱ्या डेमिंग या संख्याशास्त्रज्ञाने त्यात घातलेली भर सुविख्यात आहे. कँटीनमधील समता चांगलीच. मात्र तिचे श्रेय त्रिपिटकाला देण्याचे कारण नाही.

अधिक गंभीर प्रश्न निराळाच आहे. जपानात जातिभेद नाही, हे विधान खरे आहे काय?

तोकुगावा राजवटीत 'एता' आणि 'हिनिन' असे दोन समूह समाजव्यवस्थेच्या बाहेर ढकलले गेले. मेलेली जनावरे ओढून नेणे, कातडी सोलणे व कमावणे ही एतांची वंशपरंपरागत कामे. त्यांची वस्ती वेगळी आणि विवाहसंबंध आपसांतच. एता या शब्दासाठी योजलेल्या चिन्हांचा अर्थच 'विटाळाने भरलेला' असा आहे. महारवाड्याच्या स्मृती असलेल्या वाचकास यापुढील वर्णनाची आवश्यकता नाही. १८७१ साली शासनाने ही नावे रद्द केली. तथापि १८७२च्या कुटुंबनोंदवह्यांत पुष्कळ ठिकाणी या लोकांपुढे 'नवे सामान्यजन' अशी खूण राहिली, आणि त्या वह्या पाहण्यास १९६८ साली मनाई होईपर्यंत वर-वधूंचे मूळ शोधण्यास ती उपयोगी पडत असे. आज या लोकांना 'बुराकुमिन', म्हणजे वस्तीतील लोक, असे म्हणतात.

या साऱ्यात बौद्ध संघाचे स्थान कोणते होते? तोकुगावा काळात प्रत्येक कुटुंबाची नोंद कोणत्या तरी बौद्ध मंदिरात असणे बंधनकारक होते. त्यामुळे भिक्षू हा गावकामगाराप्रमाणे शासनाचा नोंदणी-अधिकारी बनला. एतांसाठी स्वतंत्र मंदिरे राखली गेली. मृत व्यक्तीस पुरोहिताने धम्मनाम देण्याची तेथे प्रथा आहे; एतांच्या मृतांना दिलेल्या नावांत 'पशू', 'नीच', 'चामडे' अशी चिन्हे घालण्यात आली आणि ती थडग्यांच्या शिळांवर कोरण्यात आली. विनयपिटकाच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. पाचित्तिय विभागातील ओमसवाद शिक्षापद भिक्षूला जातीवरून, नावावरून, गोत्रावरून वा कामावरून हिणविण्यास आपत्ती ठरविते, आणि गृहस्थाला तसे हिणविणाऱ्या भिक्षूलाही दुक्कट दोष सांगते. जे जिवंतपणी बोलणेही दोषास्पद, ते मेल्यावर दगडावर कोरले गेले.

या भेदास शास्त्राधार मिळाला तो आपल्याच देशातून गेलेल्या एका शब्दाचा. संस्कृतातील 'चांडाळ' हा शब्द चिनी अनुवादकांनी ध्वनीवरून लिहिला. जपानी उच्चारात तो 'सेन्दारा' झाला. सुखावतीपरंपरेतील एका प्रमुख ग्रंथात, अमितायुर्ध्यानसूत्रात, तो एका विलक्षण जागी येतो. अजातशत्रू मातेवर तलवार उगारतो तेव्हा त्याचा मंत्री आणि जीवक त्यास अडवितात. राज्यलोभाने पित्यास मारणारे राजे पुष्कळ झाले, परंतु मातेस मारणारा ऐकिवात नाही. असे कृत्य क्षत्रिय वर्णास कलंक लावील, ते चांडाळाचे काम आहे, असे त्यांचे म्हणणे. हा निषेध मातृहत्येचा असला तरी त्याचा मानदंड वर्णशुद्धीचा आहे. पितृहत्या क्षत्रियाच्या पदरी सहज खपते आणि मातृहत्या मात्र चांडाळाच्या नावे लिहिली जाते! बुद्धवचन म्हणून पूजिलेल्या ग्रंथात हा स्मृतिकारांचा सूर आहे, असे आमचे मत आहे. पालि महावग्गातील जीवक तर सालवती गणिकेचा उकिरड्यावर टाकलेला पुत्र. कुळाचा न्याय लावला असता तर त्याची काय गती झाली असती?

पुढील काळात जपानी भाष्यकारांनी सेन्दारा म्हणजे आपल्याकडील एता, असे स्पष्टीकरण केले, आणि एका पौराणिक मंत्र्याचे वाक्य गावाबाहेरच्या जिवंत माणसांना चिकटले. सुइहेइशाच्या काळापासून तो एकविसाव्या शतकापर्यंत बुराकु चळवळीने या वाक्याबद्दल शिन पंथाला जाब विचारला आहे.

पालि ग्रंथ या बाबतीत सर्वथा निष्कलंक आहेत, असेही आम्ही म्हणणार नाही. चण्डाल, वेण, नेसाद, रथकार, पुक्कुस ही हीन कुळांची यादी त्यांतही येते. फरक यादीच्या उपयोगात आहे. वसलसुत्तात चांडाळपुत्र मातंग हा जन्माने कोणी नीच ठरत नाही याचे उदाहरण म्हणून उभा राहतो. थेरगाथेतील नीच कुळातला सुनीत देवांनीही वंदावा असा स्थविर होतो. हा फरक जपानात कोणालाच कळला नाही असे नाही. तेराव्या शतकात निचिरेनने स्वतःस समुद्रकाठच्या चांडाळाचा पुत्र म्हणवून घेतले. ही गोष्ट त्याचे मंत्र म्हणणाऱ्या आपल्याकडील उपासकांनी अधिक वेळा सांगावयास हवी होती.

३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे बुराकु तरुणांनी 'सुइहेइशा' स्थापन केली. सुइहेइ म्हणजे पाण्याची सपाटी. कोणासही उंच-नीच न मानणारे पाणी. पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्यालाच हात घातला. चळवळीचा एक अग्रणी साइको मानकिची हा शिन पंथाच्या मंदिरातच जन्मलेला. तरीही त्याने संघटनेच्या ध्वजासाठी काळ्या पटावर काट्यांचा मुकुट निवडला. वेदनेचे चिन्ह शोधताना बौद्ध मंदिराच्या पुत्रास ख्रिस्ताकडे जावे लागावे, यापेक्षा त्या मंदिरांवर कठोर टीका कोणती? संघटनेच्या आरंभीच्या निर्णयांपैकी एक असा होता की पूर्व व पश्चिम होंगान्जी या दोन्ही पीठांनी वीस वर्षे बुराकु वस्त्यांतून देणग्या घेऊ नयेत. दान हे उपासकाच्या हातचे शस्त्रही होऊ शकते, हे आपल्या विहार-समित्यांना अपरिचित राहिले आहे.

आणि संघाचे उत्तर? १९७९ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जागतिक धर्म व शांतता परिषदेत सोतो झेन पंथाचे प्रशासकीय प्रमुख माचिदा मुनेओ यांनी जपानात असा भेदभाव नाही, असे सांगून टाकले. निषेध झाल्यावर त्यांनी ते विधान मागे घेतले आणि त्यानंतर पंथांनी थडग्यांवरील नावे शोधून बदलण्याचे काम हाती घेतले. ते प्रांजळ होते, हे मान्य केले पाहिजे; पण जे माचिदा प्रिन्स्टनला बोलले तेच आम्ही आमच्या व्यासपीठांवरून विनाकारण बोलत असतो.

कारखान्यातील मित्रांनी १९७५चे प्रकरण विशेष ध्यानात घ्यावे. बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या गुप्तपणे विकल्या जात होत्या आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी, त्यांत नामांकितही होत्या, त्या विकत घेतल्याचे उघड झाले. उमेदवाराचा चेहरा वा भाषा त्याचे मूळ सांगत नव्हती. पत्ता सांगत होता. औद्योगिक गावांत खोली भाड्याने मागताना आपल्यास आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, मग 'कोणत्या आळीत?' असे विचारले जाते, तेव्हा ती यादी घरमालकाच्या डोक्यातच असते. जपानने भेदभाव-निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा २०१६ साली केला. त्यात शिक्षेची तरतूद नाही.

या टीकेचा अर्थ जपानशी नाते तोडावे असा नव्हे. ते नाते कोणाशी, एवढाच आमचा प्रश्न आहे. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई १९६०च्या दशकात भारतात आले, नागपूरच्या वस्त्यांत राहिले आणि १९९२ साली महाबोधी विहाराच्या मुक्तीसाठी रस्त्यावर उतरले. ते 'बौद्ध राष्ट्रा'चे राजदूत म्हणून नव्हे, तर दीक्षाभूमीच्या लोकांचे होऊन आले. २०१५ साली कोयासान विद्यापीठात महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्याचाही आनंद आम्हास आहे. कुकाईने नवव्या शतकात वसविलेल्या त्या पर्वतावर शतकानुशतके स्त्रियांना प्रवेश निषिद्ध होता. तेथे हिंदू कोड बिलाचा कर्ता उभा आहे, ही गोष्ट लहान नाही.

मात्र त्याच वाकायामा प्रांतात शिंगू नावाचे गाव आहे. तेथील जोसेन्जी मंदिराचा पुरोहित ताकागी केन्म्यो याचे बहुसंख्य उपासक बुराकुमिन होते. रशिया-जपान युद्धाच्या विजयासाठी प्रार्थना करण्यास त्याने नकार दिला, वेश्याव्यवसायाच्या परवान्यांना विरोध केला आणि १९०४ साली आपल्या समाजवादावर निबंध लिहिला. १९१०च्या राजद्रोह खटल्यात त्यास गोवण्यात आले. फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि १९१४ साली त्याने अकिता येथील तुरुंगात जीवन संपविले. त्याच्या ओतानी पंथाने त्यास १९११ सालीच बहिष्कृत केले होते. ते शासन १९९६ साली मागे घेतले. कोयासानला पुतळ्याच्या दर्शनासाठी जाणाऱ्या आमच्या यात्रेकरूंनी शिंगूचा रस्ताही विचारून घ्यावा.