मध्यवयाचा स्वर : सुरेश भटांची गझल आणि वऱ्हाडी मैत्र

सुरेश भट (१९३२–२००३) यांच्या काव्यातील बंडखोरी तारुण्याची समजण्याचा प्रघात आहे. कालक्रम मात्र या समजुतीस अनुकूल नाही. अमरावतीस जन्मलेल्या या कवीचा ‘रूपगंधा’ १९६१ साली, वयाच्या २९व्या वर्षाच्या सुमारास, प्रसिद्ध झाला. ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) व ‘एल्गार’ (१९८३) हे संग्रह अनुक्रमे चाळिशी व पन्नाशी उलटल्यानंतरचे होत. तो स्वर मागे वळून पाहणाऱ्या प्रौढाचा आहे.

गझलेची घटनाही त्यास अनुकूल ठरते. प्रत्येक शेर अर्थदृष्ट्या स्वयंपूर्ण असतो. त्यामुळे गतायुष्याची सलग हकिकत सांगण्याचे बंधन राहत नाही. रदीफ मात्र पुनःपुन्हा परतते. स्वच्छंदी मित्र उतारवयाच्या उंबरठ्यावर जमले म्हणजे त्यांचे बोलणे असेच चालते : प्रसंग सुटे, पालुपद एक.

तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. राजापेठेतील अशा बैठकीची बोली वऱ्हाडी. तीत ‘आम्ही बोलत होतो’ याऐवजी ‘आमी बोलून राह्यलो होतो’ असा प्रयोग होतो. ‘राहणे’ येथे केवळ साहाय्यक क्रियापद होय. तरी सरलेली क्रिया मागे उरली असावी, असा भास प्रमाण मराठीच्या कानास होतो. भटांची गझल मुख्यतः प्रमाण मराठीत आहे. तिने स्मृतीस वृत्ताची शिस्त दिली, महाराष्ट्रभर श्रोता मिळविला. परंतु वऱ्हाडातील मैत्र ज्या बोलीत वाढते, तिचा हा प्रयोग बाहेरच राहिला. ही किंमत ध्यानी घेऊनच तिचे मूल्यमापन व्हावयास हवे.