मूल शांत झाले, पण सुधारले का?

अडीच-तीन वर्षांचे मूल. बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, रात्र रात्र झोपत नाही, भिंतीवर डोके आपटते, धाकट्या भावंडाला चावते. अशा मुलाला मानसोपचारातले औषध द्यावे का? भिवंडीतल्या बालवाड्यांच्या आणि प्राथमिक शाळांच्या शिक्षिकांकडून हा प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. सोबत बहुधा डॉक्टरांची चिठ्ठीही असते. तीवर रिस्पेरिडोन या औषधाचे नाव आणि मात्रा असते, आणि शिक्षिकेचे म्हणणे असते, ‘औषध सुरू झाल्यापासून पोर शांत बसतं. मग चांगलंच आहे ना?’

आम्ही डॉक्टर नाही. कोणते औषध सुरू करावे किंवा बंद करावे हे सांगणे आमचे काम नाही. चालू असलेले औषध कोणी आपल्या मनाने एकदम थांबवू नये, हेही आधीच सांगून ठेवतो. पण एखादा दावा आणि त्यामागचा पुरावा यांचा मेळ बसतो की नाही हे पाहणे हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. तसे पाहू गेल्यास शिक्षिकेच्या वाक्यातला ‘शांत’ हा शब्दच तपासण्याजोगा आहे.

रिस्पेरिडोन हे मुळात प्रौढांमधील स्किझोफ्रेनियासाठी आलेले औषध. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेते. हा निरोप जिथे स्वीकारला जातो त्या जागा हे औषध अडवून धरते. २००६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्वमग्न मुलांसाठी त्याला मान्यता दिली. ही मान्यता नीट वाचली पाहिजे. ती ५ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि ती स्वमग्नतेवरचा उपाय म्हणून नाही, तर स्वमग्न मुलांमधील तीव्र चिडचिड, आक्रमकता आणि स्वतःला इजा करून घेणे यांवरचा उपाय म्हणून आहे.

या मान्यतेआधीची सर्वांत महत्त्वाची चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत ५ ते १७ वर्षांची १०१ मुले होती. निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. आठ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांत स्पष्ट फरक पडला. प्लासिबो घेणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. वैद्यकात एवढा ढळढळीत फरक रोज पाहायला मिळत नाही. स्वतःचे डोके रक्तबंबाळ होईतो आपटणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या आईला हे औषध म्हणजे आधार वाटला, तर तिला नावे ठेवण्याचा कोणालाच अधिकार नाही. याच संशोधकांनी २००५ साली पुढचा भाग प्रसिद्ध केला. चार महिने औषध घेऊन बऱ्या झालेल्या मुलांपैकी काहींचे औषध हळूहळू काढून त्या जागी प्लासिबो दिला, तेव्हा ६२ टक्क्यांहून अधिक मुलांचे वर्तन पुन्हा बिघडले. याचा अर्थ दुहेरी आहे. औषध खरोखर काम करत होते. आणि ते असेपर्यंतच काम करत होते. आतल्या आत मूल काही शिकले आणि मग औषधाची गरज उरली नाही, असे या मुलांत घडलेले दिसत नाही. दरम्यान मुलांचे वजन सरासरी पाच किलोंनी वाढले होते.

आता प्रश्न असा की या चाचणीत मोजले काय? मुख्य मापन होते ते चिडचिडीचे: आदळआपट, मारामारी, किंचाळणे. आईवडिलांच्या उत्तरांवरून गुण ठरत आणि तज्ज्ञ आपले मत देत. मूल किती नवे शब्द बोलू लागले, बोट दाखवून वस्तू मागू लागले का, दुसऱ्या मुलाच्या खेळात शिरले का, हे त्या मुख्य मापात नव्हते. शाळेत गणिताचा पेपर घ्यायचा आणि निकालावरून मुलाचे मराठी सुधारले असे म्हणायचे, तसा हा प्रकार होईल. दोष चाचणीचा नाही. तिने जे विचारले त्याचे चोख उत्तर दिले. दोष आहे तो तिच्यातून भलतेच उत्तर वाचणाऱ्यांचा.

पाच वर्षांखालील मुलांबद्दल काय? इथे आपल्याच देशातल्या एका चाचणीकडे वळले पाहिजे. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी २००६ साली ती प्रसिद्ध केली. २ ते ९ वर्षांची ४० स्वमग्न मुले, सहा महिने, रोज १ मिलिग्रॅम. चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी औषधाच्या गटात १९ आणि प्लासिबोच्या गटात २० मुले होती. स्वमग्नतेच्या मापनात औषधाच्या गटातील १२ मुले सुधारली, प्लासिबोच्या गटातील एकही नाही. एवढेच नव्हे, तर सामाजिक प्रतिसाद आणि शब्दांविना होणारा संवाद यांतही सुधारणा आढळल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. आमच्या आधीच्या परिच्छेदाला हे छेद देणारे आहे, म्हणूनच ते लपवून चालणार नाही.

तरीही या चाचणीवर किती मोठी इमारत उभारायची? औषधाच्या गटात १९ मुले, आणि वयाचा पट्टा २ पासून ९ पर्यंत. दोन वर्षांचे मूल आणि नऊ वर्षांचे मूल यांना एका सरासरीत बसवणे म्हणजे बालवाडी आणि चौथीचा एकच निकाल लावणे. शिवाय भूक आणि वजन वाढणे, पाचांतील एका मुलाला सुस्ती येणे हे परिणाम होतेच, आणि तीन मुलांमध्ये काही काळ आपोआप होणाऱ्या विचित्र हालचाली दिसल्या. डोपामिन हे हालचालींच्या नियंत्रणातलेही रसायन असल्याने हे अनपेक्षित नाही. चंदीगडला अशा हालचाली दिसल्या, कारण तिथे त्या पाहणारे डोळे होते. सहा महिने ठरलेल्या वेळी एका मोठ्या संस्थेतले तज्ज्ञ त्या मुलांना तपासत होते. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चिठ्ठ्यांवर मुलाचे वजनसुद्धा लिहिलेले नव्हते.

अतिचंचल मुलांसाठीच्या मिथाइलफेनिडेट या औषधाची कहाणी वेगळी, पण बोध बराचसा तोच. अमेरिकेत १९९१ ते १९९५ या काळात २ ते ४ वर्षांच्या मुलांना अशी औषधे देण्याचे प्रमाण काही ठिकाणी दुपटी-तिपटीने वाढल्याचे २००० साली उघड झाले, आणि तिथे मोठी खळबळ उडाली. तोवर या वयाचा पुरावा फारच तुटपुंजा होता. मग सरकारी खर्चाने ३ ते साडेपाच वर्षांच्या ३०३ मुलांवर पद्धतशीर चाचणी झाली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष आले. औषध सुरू करण्याआधी सर्व पालकांना दहा आठवडे मूल हाताळण्याचे प्रशिक्षण दिले गेले, ही या चाचणीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. औषधाचा उपयोग झाला, पण मोठ्या मुलांपेक्षा कमी. दर शंभरातील सुमारे अकरा मुलांना दुष्परिणामांमुळे औषध सोडावे लागले. औषध घेत राहिलेल्या मुलांची उंची अपेक्षेपेक्षा वर्षाला जवळजवळ १.४ सेंटीमीटरने आणि वजन १.३ किलोने कमी वाढले. ज्या वस्त्यांत मुलांचे वजन आधीच वयाच्या मानाने कमी असते, तिथे हे आकडे क्षुल्लक म्हणता येणार नाहीत.

लहान वयात एवढी खबरदारी का, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही समजेल. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूतील चेतापेशींमध्ये प्रचंड संख्येने जोडण्या तयार होतात आणि पुढे वापराप्रमाणे त्यांची छाटणी होत जाते. कोणत्या जोडण्या टिकाव्यात हे ठरवण्यात डोपामिनसारख्या रसायनांचाही हात असतो. प्रौढाच्या मेंदूत औषध एका चालू यंत्रात ढवळाढवळ करते. अडीच वर्षांच्या मुलात यंत्र अजून जोडले जात असते. याचे परिणाम वाईटच होतील असे नाही, पण आठ आठवड्यांच्या चाचणीत ते दिसणारही नाहीत.

आता थोडे इतिहासात जाऊ, कारण त्याचा संबंध थेट भिवंडीशी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत. तिला बाळागोळी म्हणत. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी या कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या बहुसंख्य बाळांना अफू दिली जात असल्याचे आढळले. या आया निर्दय नव्हत्या. पाळी दहा-दहा तासांची, घरी सांभाळायला कोणी नाही, आणि बाळ झोपले नाही तर मजुरी बुडणार. गोळी बाळाच्या आजारावर नव्हती, ती गिरणीच्या भोंग्यावर होती.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसत गेल्या आणि विणकामाचा मोठा भार भिवंडीच्या यंत्रमागांवर आला. तिथे बारा तासांची पाळी नवी नाही. मागाच्या खोलीला लागून राहण्याची खोली, घरात बाईच्या हाताशी कांड्या भरण्याचे काम. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आपल्या कायद्यानेच घातलेली आहे. अशा भिंतीपलीकडे झोपणारे तीन वर्षांचे मूल रात्री जागे राहते, दिवसा चिडते, तेव्हा बिघाड मुलात आहे की भिंतीपलीकडे? दोन्हीकडे असू शकतो. स्वमग्नता आवाजाने होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ज्या स्वमग्न मुलाला मोठा आवाज मुळातच सोसत नाही, त्याच्यासाठी तीच भिंत रोजची यातना ठरते.

बाळागोळी गेली, पण तिची गरज गेली नाही. मध्यंतरी तिची जागा सर्दी-ॲलर्जीवरच्या प्रोमेथाझिनसारख्या गुंगी आणणाऱ्या पातळ औषधांनी घेतली. दोन वर्षांखालील बाळांचा श्वास त्याने मंदावून मृत्यू ओढवू शकतो, असा ठळक इशारा आता त्यावर असतो. रिस्पेरिडोनला त्यांच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे होईल. पण घरातली ओढाताण आणि वर्गातला गोंधळ हाच ते देण्याचा खरा हेतू असेल, तर पंगत एकच. गंमत म्हणजे आपल्या कायद्यात मिथाइलफेनिडेट अतिशय कडक नियंत्रणाखाली, एक्स अनुसूचीत आहे. दुकानदाराला चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते. रिस्पेरिडोन त्या अनुसूचीत नाही. जे मिळायला सोपे तेच अधिक लिहिले जाणार, हे कळायला संशोधन लागत नाही.

औषधाआधी काय पाहायचे? सर्वांत आधी कान. हाकेला न वळणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी झालेली नसेल, तर पुढची सारी चर्चा फोल आहे. मग झटके येतात का, बद्धकोष्ठ किंवा दातदुखी आहे का. न बोलणारे मूल पोटदुखीही डोके आपटूनच सांगते. भिवंडीत भाषेचाही विचार हवा. घरी तेलुगू किंवा भोजपुरी, गल्लीत हिंदी, बालवाडीत मराठी किंवा उर्दू, अशा मुलाचे गप्प राहणे हा आजार समजण्याआधी त्याच्या आईला त्याच्याशी तिच्या भाषेत बोलायला सांगून पाहावे.

यासाठी यंत्रणा कागदावर तरी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाली. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि विकासात मागे पडलेल्यांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणे, अशी ती योजना आहे. पालकांना शिकवण्याबद्दलही आता आपल्याकडचा पुरावा आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत २ ते ९ वर्षांची ६५ स्वमग्न मुले होती आणि त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या पालकांना, डॉक्टर किंवा थेरपिस्ट नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी संवादाची पद्धत शिकवली. आईबापांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला आणि मुले आपणहून संवाद अधिक वेळा सुरू करू लागली. दोघांनी मिळून एखाद्या गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ मात्र घटला, वाढला नाही. म्हणजे हाही रामबाण नव्हे. पण भिवंडीतल्या पदवीधर तरुणीला शिकवता येईल असे हे कौशल्य आहे, आणि त्याने कोणाचे वजन पाच किलोंनी वाढत नाही.

इतके करूनही मूल स्वतःला इजा करत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषध देणे योग्यच ठरू शकते. तेव्हा शिक्षिकेची वही कामाला येते. औषध सुरू होण्याआधी दोन आठवडे आणि नंतर दर आठवड्याला तीत दोन रकाने लिहावेत. एकात मारणे, चावणे, डोके आपटणे दिवसातून किती वेळा. दुसऱ्यात मुलाने आपणहून काय केले: कोणाकडे पाहिले, काय मागितले, कोणता आवाज किंवा शब्द काढला, किती वेळ खेळले, किती वेळ पेंगले. पहिल्या रकान्यातले आकडे उतरले आणि दुसरा रकानाही रिकामा होत गेला, तर ती वही घेऊन आईने डॉक्टरांकडे जावे, आणि हे औषध कशासाठी, किती दिवस, पुढचे वजन कधी करायचे, हे तीन प्रश्न विचारावेत.