विविधतेतून वगळलेली भाषा

व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशात परीक्षेतील गुणांना ‘विविधते’ची जोड देण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. अनेक आयआयएम स्त्री-उमेदवारांना व अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांना वाढीव गुण देतात. शालेय माध्यमाला मात्र या विविधतेत स्थान नाही.

मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या संस्थांचे प्रवेश ज्या राज्यस्तरीय सामायिक परीक्षेवर मुख्यतः ठरतात, तीत 2024 साली 150 मिनिटांत 200 प्रश्न होते. म्हणजे प्रश्नामागे 45 सेकंद. पैकी 50 प्रश्न इंग्रजी भाषेचे. परंतु आकृत्यांचे प्रश्न सोडले, तर तर्क व गणितही इंग्रजी वाक्यांतूनच विचारले जाते. आमच्या जोगेश्वरीतील मराठी वा उर्दू शाळेत शिकलेला विद्यार्थी त्या 45 सेकंदांतील काही सेकंद वाक्य उलगडण्यात घालवतो, आणि ही उणीव अखेर तर्कशक्तीची म्हणून गणली जाते. मोजले एक, नाव दिले दुसरेच!

अध्यापन इंग्रजीत, म्हणून परीक्षाही इंग्रजीत, हे समर्थन वरकरणी पटते. पण वैद्यकाचे अध्यापनही बव्हंशी इंग्रजीतच चालते. तरी 2024 ची ‘नीट’ 13 भाषांत झाली. इंग्रजी त्या 50 प्रश्नांत खुशाल कसून पारखावी. उरलेल्या प्रश्नांना मराठी व उर्दू अनुवादाची जोड देण्यास कोणती शास्त्रीय हरकत आहे, हे प्रस्तुत लेखकास उमगलेले नाही.