आपण जिंकलो, तो हरला

आमच्या चाकुरात मॅच हरली, की गुन्हेगार चहाच्या पहिल्या कपातच सापडतो. 1971 साली अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीज आणि इंग्लंडला त्यांच्याच घरी हरवलं, तेव्हा "आपण जिंकलो!" 1974 साली लॉर्ड्‌सवर 42 धावांत डाव आटोपला नि व्याकरणच बदललं. "वाडेकर हरला!" त्यात एकनाथ सोलकर नाबाद 18, उरलेल्या सगळ्यांचे मिळून 24. तिकडे ओल्डनं 5 आणि अरनॉल्डनं 4 बळी घेतले, पण समोरचाही खेळायला आलेला असतो, हे आपल्याला कुठं सुचतं? दगड पडले कप्तानाच्या घरावर. त्या दौऱ्यानंतर वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. अहो, दोषही वाटून घ्यावा थोडा. पेढे खाताना आपण सगळे टीममध्ये होतोच की!